एकच क्वेरी कधी चालते, कधी नाही: नऊ हरवलेल्या नोंदींची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

नाशिकहून बोलतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, स्टुडिओ म्हणजे आमचीच मागची खोली आहे.

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, "अरे, हे तर माझ्यासोबत झालंय." पीएचपीमधून तुम्ही मायएसक्यूएलला एक क्वेरी पाठवता. सकाळी चालते, दुपारी चालत नाही. एका माणसाची नोंद होते, दुसऱ्याची होत नाही. एरर बघायला जावं तर एररच नाही. तीच क्वेरी उचलून पीएचपीमायॲडमिनमध्ये टाकली तर पहिल्या फटक्यात चालते. मग आपण काय करतो? पेज रिफ्रेश करतो, हात जोडतो आणि सगळ्यांचं आवडतं वाक्य बोलतो: "माझ्याकडे तर चालतंय."

जे कोडिंग करत नाहीत त्यांनीही थांबा. आजच्या गोष्टीत एका मुलावर चोरीचा संशय आला होता आणि त्याला कारण होतं मी लिहिलेला कोड. कोडिंग येत नसलं तरी हा भाग तुम्हाला कळेल.

गल्ल्यात पैसे कमी

मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना पहिलं फ्रीलान्स काम घेतलं. मित्राचे मामा पिंपळगावच्या बाजूला कांद्याचे व्यापारी आहेत. त्यांच्या पेढीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. पीएचपी, मायएसक्यूएल आणि सगळ्यात स्वस्त शेअर्ड होस्टिंग. काम सोपं होतं. लिलाव झाला, ट्रॅक्टरचं वजन झालं, की ऑफिसमधला मुलगा वजन आणि भाव टाकणार. शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर ती वजा होणार, हिशोबपट्टी छापली जाणार आणि पैसे दिल्याची नोंद डेटाबेसमध्ये जाणार.

पाच वर्षं काही तक्रार नाही. मग एका डिसेंबरात मित्राचा फोन आला. "जरा येऊन जा. मामा चिडलेत."

गेलो. मामा म्हणाले, "अरे, आठवड्यात तीनदा गल्ल्यात पैसे कमी आले. कॉम्प्युटर सांगतो की दिलेच नाहीत. मग गेले कुठे?" आणि बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर बसलेल्या मुलाकडे गेली. मुलगा विशीतला, सुरगाण्याकडचा, दोन वर्षं तिथे कामाला. तो मला एवढंच म्हणाला, "दादा, मी प्रत्येक पट्टी टाकली आहे. 'सेव्ह झालं' असं स्क्रीनवर येतं, मी बघितल्याशिवाय पुढे जात नाही."

मामांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. गल्ल्यातून रोकड गेली आहे आणि नोंद नाही. कुणीही हाच अर्थ काढेल.

आता माझं काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो. मनात पहिला विचार हाच आला की कोड पाच वर्षं चाललाय, म्हणजे चूक माणसाची असणार. आपण कॉम्प्युटरवाले लोक हा विचार किती पटकन करतो बघा! पण त्या मुलाचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण 'सेव्ह झालं' हा मेसेज मी लिहिला होता, आणि तो कधी दाखवायचा हेसुद्धा मीच ठरवलं होतं.

झालेलं आणि न झालेलं शेजारी ठेवा

डीबगिंगची पहिली पायरी कोड उघडणं नाही. ज्या वेळी झालं आणि ज्या वेळी झालं नाही, अशी दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवायची.

मामांकडे छापील पट्ट्यांच्या कार्बन कॉप्या होत्या. त्या आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि डेटाबेसशी एकेक ताडून पाहिल्या. नऊ पट्ट्या अशा निघाल्या ज्या कागदावर होत्या, पण डेटाबेसमध्ये नव्हत्या. मग चालू कामकाजातल्याच, नीट नोंद झालेल्या दुसऱ्या नऊ उचलल्या आणि दोन रांगा लावल्या.

वेळ बघितली, काही पॅटर्न नाही. रक्कम बघितली, लहान-मोठ्या दोन्ही. नावात काही विचित्र अक्षर? नाही. मग मित्राचं लक्ष गेलं. तो काही इंजिनिअर नाही, त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. म्हणाला, "या नऊच्या नऊ पट्ट्यांवर उचल वजा आहे रे."

आणि दुसऱ्या रांगेत? एकावरही नाही.

मला घाम फुटला. कारण दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी उचलीचा हिशोब बदलला होता. आधी तो पीएचपीमध्ये होता. मी तो तिथून काढून मायएसक्यूएलच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये टाकला. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवून ठेवलेला छोटा प्रोग्राम. प्रोसिजर पीएचपीमायॲडमिनमध्ये चालवून पाहिली, उत्तर बरोबर आलं. मग पूर्ण पेज लॅपटॉपवर एका चाचणीच्या शेतकऱ्यासाठी चालवलं. तेही चाललं. फक्त त्या चाचणीच्या शेतकऱ्याने उचल घेतलेली नव्हती, म्हणजे प्रोसिजरपर्यंत गाडी गेलीच नव्हती.

त्या रात्री लॅपटॉपवर उचल असलेला शेतकरी घेतला आणि बटण दाबलं. पेज फाटकन थांबलं. एरर: कमांड्स आउट ऑफ सिंक. क्रमांक २०१४. (हा एरर कोड आहे, निवडणुकीचं वर्ष नाही.)

म्हणजे सर्व्हरवर जे गुपचूप होत होतं, ते माझ्या लॅपटॉपवर ओरडून होत होतं. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, ही एरर येते का? दोन, सर्व्हरवर ती दिसत का नव्हती? दोन्ही नीट बघू.

ट्रॉली अजून काट्यावरच आहे

पहिला प्रश्न. लासलगाव किंवा पिंपळगावला कांद्याच्या सीझनमध्ये गेला असाल तर भुईकाटा पाहिला असेल. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, उतरते, मग पुढची. आता समजा ट्रॅक्टरवाल्याने वजनाची चिठ्ठी घेतली आणि गाडी पुढे घेतली, पण ट्रॉलीची मागची चाकं अजून काट्यावरच आहेत. पुढच्या गाडीचं वजन होईल का? काटेवाला म्हणेल, "आधी ही ट्रॉली काढा."

पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यातलं एक कनेक्शन अगदी असंच असतं. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर पूर्ण उचलल्याशिवाय दुसरा विचारायचा नाही. साध्या सिलेक्ट क्वेरीत हे आपल्याला जाणवत नाही, कारण पीएचपीचं मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शन सगळ्या ओळी एकदम आणून मेमरीत ठेवतं आणि काटा आपोआप रिकामा होतो.

पण स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये गंमत आहे. आत एक सिलेक्ट असेल तर मायएसक्यूएल दोन उत्तरं पाठवतं. पहिलं म्हणजे तुमच्या ओळी. दुसरं म्हणजे "प्रोसिजर संपली" असा शेवटचा निरोप. मी पहिलं उत्तर घेतलं, उचलीचा आकडा काढला आणि खूश झालो. दुसरं उत्तर तसंच पडून राहिलं. ट्रॉलीची मागची चाकं काट्यावर! लगेच पुढे माझी इन्सर्ट क्वेरी आली, पैसे दिल्याची नोंद करणारी. तिला काटा मोकळा मिळालाच नाही.

उचल नसलेल्या शेतकऱ्यासाठी प्रोसिजर बोलावलीच जात नव्हती. काटा रिकामा, नोंद झाली. म्हणून "कधी होतं, कधी नाही." खरं तर कधी-कधी काहीच नव्हतं. नियम अगदी पक्का होता, फक्त मला तो दिसत नव्हता.

आणि पीएचपीमायॲडमिनमध्ये का चालत होतं? कारण तिथे मी प्रोसिजर वेगळी चालवली आणि इन्सर्ट वेगळी. दोन वेगळ्या रिक्वेस्ट, दोन वेगळी कनेक्शन्स, म्हणजे दोन वेगळे काटे. क्वेरीची अक्षरं तीच होती, पण तिच्या आधी त्या कनेक्शनवर काय घडलं ते तसं नव्हतं.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो, ती डीबगिंगला फार उपयोगी आहे. मायएसक्यूएलमध्ये २००० ते २९९९ या क्रमांकांच्या एरर सर्व्हरकडून येत नाहीत, त्या आपल्या बाजूच्या क्लायंटकडून येतात. म्हणजे २०१४ दिसली की समजायचं, क्वेरी घरातूनच बाहेर पडली नाही. लॅपटॉपवर मी मायएसक्यूएलचा जनरल लॉग चालू केला, ज्यात सर्व्हरकडे आलेली प्रत्येक क्वेरी लिहिली जाते. त्यात प्रोसिजरची हाक होती, पण इन्सर्ट नव्हतीच. सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

हीच एरर आणखी एका ठिकाणी भेटते. मोठा रिपोर्ट काढताना मेमरी वाचवायला आपण अनबफर्ड क्वेरी वापरतो, म्हणजे ओळी एकेक करून आणतो. त्या लूपच्या आतच त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी मारली की झालंच. पुन्हा तोच काटा, पुन्हा तीच ट्रॉली.

एरर होती, पण तिला तोंड नव्हतं

आता दुसरा प्रश्न. सर्व्हरवर एरर दिसली का नाही?

इथे थोडा इतिहास लागतो. पीएचपी रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपेजसाठी बनवायला घेतली आणि १९९५ मध्ये लोकांना खुली केली. वेबपेज काही झालं तरी दिसलं पाहिजे, हा तिचा जुना स्वभाव. छोटी चूक झाली तर पुढे चला. पेजवर पाहुण्यांची संख्या दाखवायची असेल तर हे ठीक आहे. पैशाचा हिशोब असेल तर नाही.

मायएसक्यूएलआय हे एक्स्टेन्शन २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत आलं. त्यातला शेवटचा 'आय' म्हणजे इम्प्रूव्ह्ड, सुधारित. त्याच्या आधीचं जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आली तेव्हा काढूनच टाकलं. पण सुधारित म्हटलं तरी मायएसक्यूएलआयची मूळ सेटिंग कितीतरी वर्षं गप्प बसायचीच होती. क्वेरी फसली की फंक्शन फक्त 'फॉल्स' परत करायचं. ते तपासायचं की नाही, ही तुमची मर्जी. मी तपासलं नव्हतं. क्वेरीच्या खालच्या ओळीत थेट लिहिलं होतं: 'सेव्ह झालं'.

हे बदललं पीएचपी ८.१ मध्ये, नोव्हेंबर २०२१ ला. तेव्हापासून मायएसक्यूएलआय क्वेरी फसली की स्वतःहून एक्सेप्शन फेकतं, म्हणजे कोड तिथेच थांबतो. पीडीओ हे दुसरं एक्स्टेन्शन, त्यात हाच बदल एक वर्ष आधी, पीएचपी ८.० मध्ये झाला.

माझ्या लॅपटॉपवर पीएचपी ८.२. मामांच्या होस्टिंगवर ७.४, जिचा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला होता. तोच कोड, तीच क्वेरी. एक व्हर्जन ओरडते, दुसरी गप्प. त्या गप्प बसण्याची किंमत होस्टिंग कंपनीने दिली नाही, मीही दिली नाही. ती टेबलावरचा मुलगा देत होता.

मग दुरुस्ती काय केली?

एक. कनेक्शन उघडण्याच्या आधीच्या ओळीत मायएसक्यूएलआयचं रिपोर्ट फंक्शन लावून एरर आणि स्ट्रिक्ट ही दोन्ही सेटिंग चालू केली. आता जुन्या व्हर्जनवरही चूक झाली की कोड थांबतो.

दोन. प्रोसिजरचं उत्तर घेतल्यावर 'नेक्स्ट रिझल्ट' फंक्शनचा छोटा लूप लावला. उरलेलं प्रत्येक उत्तर उचलायचं आणि सोडून द्यायचं. काटा रिकामा करायचा.

तीन. उचल वजा करणं आणि पैसे दिल्याची नोंद करणं हे दोन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलं. झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

चार, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी छापायची ती नोंद झाल्यानंतरच. आणि पट्टीवर जो नंबर येतो तो डेटाबेसने त्या नोंदीला दिलेला नंबर असेल. नोंद नसेल तर नंबर नाही, नंबर नसेल तर पट्टी नाही. आता 'सेव्ह झालं' हे मी ठरवत नाही, डेटाबेस ठरवतो.

पाच. होस्टिंगवर पीएचपीची नवी व्हर्जन लावली. दहा मिनिटांचं काम होतं, दोन वर्षं टाळलं होतं.

तेच, पण तेच नाही

या अनुभवातून मी एक गोष्ट शिकलो. "एकच क्वेरी कधी चालते, कधी नाही" असं वाटतं, तेव्हा ती एकच नसते. क्वेरी म्हणजे फक्त ती अक्षरं नाहीत. क्वेरी अधिक कनेक्शनची अवस्था, अधिक सेटिंग्ज, अधिक व्हर्जन, अधिक आलेला डेटा. यातलं काहीतरी वेगळं असतं आणि आपण तिकडे बघत नसतो. तीन उदाहरणं देतो, तिन्ही मराठी डेटावर काम करणाऱ्याला आज ना उद्या भेटणारच.

पहिलं, डोळ्याला सारखं, बाइट्सला वेगळं. सुरगाणा तालुक्यात बाऱ्हे नावाचं गाव आहे. त्यातला तो अर्धा 'ऱ्' दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात आणि त्याला हलंत जोडतात. काही कीबोर्ड साधा 'र', मग हलंत, मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण मायएसक्यूएलला विचारा: पहिल्या पद्धतीत सहा कॅरॅक्टर्स, १८ बाइट्स. दुसऱ्यात सात कॅरॅक्टर्स, २१ बाइट्स. जुन्या 'जनरल सीआय' कोलेशनसाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाकलेलं गाव मोबाइलवरून शोधलं की सापडत नाही, आणि क्वेरीत तर काहीच चूक दिसत नाही. गिऱ्हाईक, कुऱ्हाडे, वऱ्हाड, सगळ्यांची हीच कथा. उपाय: साठवण्याआधी एकाच पद्धतीत रूपांतर करून घ्या, आणि शंका आली की लेंग्थ आणि हेक्स ही फंक्शन्स वापरून बाइट्स बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, क्रम न सांगता पहिली ओळ मागणं. "या शेतकऱ्याची शेवटची पट्टी दे" असं समजून आपण क्वेरी लिहितो, लिमिट १ टाकतो, पण ऑर्डर बाय विसरतो. क्रम सांगितला नाही तर मायएसक्यूएल कोणत्याही क्रमाने ओळी देऊ शकतं. महिनोन्‌महिने बरोबर येतील. मग एखाद्या दिवशी नवा इंडेक्स लावाल आणि क्रम बदलेल. तुम्ही म्हणाल, काल चालत होतं. काल नशीब चालत होतं.

तिसरं, कापून घेणं की नाकारणं. मायएसक्यूएल ५.७ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो. त्याआधी तो बहुतेक ठिकाणी बंद असायचा. फरक काय पडतो? समजा गावाच्या नावाला दहा कॅरॅक्टर्सची जागा ठेवली आहे आणि कुणी 'त्र्यंबकेश्वर' टाकलं. डोळ्याला ही पाच अक्षरं, पण मायएसक्यूएल हलंत, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजतं, म्हणून तेरा. स्ट्रिक्ट मोड असेल तर नोंद नाकारली जाते. नसेल तर गुपचूप कापून 'त्र्यंबकेश' साठवलं जातं. एका सर्व्हरवर नोंद होते, दुसऱ्यावर होत नाही, आणि जिथे होते तिथे चुकीची होते. मला विचाराल तर नाकारणारा सर्व्हर बरा, तो निदान सांगतो तरी.

तुमच्यावर ही वेळ आली तर

ही यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आधी एररला तोंड द्या. मायएसक्यूएलआय असो की पीडीओ, एक्सेप्शन चालू आहे का ते बघा. मात्र लाइव्ह साइटवर एरर लोकांना दाखवू नका, लॉगमध्ये लिहा.

मग चालणारं आणि न चालणारं प्रकरण शेजारी ठेवा. किमान पाच-पाच. फरक सापडेपर्यंत कोडला हात लावू नका.

मग क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचते का ते बघा. एररचा क्रमांक दोन हजारांत असेल तर चूक आपल्या बाजूला शोधा.

मग त्याच कनेक्शनवर त्याच्या आधी काय चाललं ते बघा. प्रोसिजर, अर्धवट वाचलेला रिझल्ट, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन.

मग दोन्हीकडच्या व्हर्जन्स, कॅरॅक्टर सेट आणि एसक्यूएल मोड कागदावर लिहून ताडून बघा. लक्षात ठेवून नाही, लिहून.

आणि शेवटी, क्वेरी वेगळी काढून पीएचपीमायॲडमिनमध्ये चालली म्हणून ती निर्दोष ठरवू नका. माणसाला एकटं भेटणं वेगळं आणि गर्दीत भेटणं वेगळं, तसंच हे.

माफी कुणी मागायची?

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढीवर गेलो. नऊ शेतकऱ्यांना मामांनी स्वतः फोन लावले. नऊही जण म्हणाले, पैसे मिळाले, पट्टी घरात आहे. नऊ पट्ट्यांची बेरीज आणि गल्ल्यातली तूट रुपयाला रुपया जुळली.

मी मामांसमोर त्या मुलाला सांगितलं, "चूक माझी होती. तू सगळं बरोबर टाकलं होतंस." तो काही बोलला नाही, मान हलवली. मामांनी चहा मागवला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. मामांची माफी मागायची ही पद्धत.

नंतर मी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण वाचलं आणि झोप उडाली. तिथे १९९९ पासून होरायझन नावाची, फुजित्सू कंपनीची अकाउंटिंग सिस्टिम लावली गेली. छोट्या शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्टरांच्या हिशोबात अचानक तूट दिसायला लागली. लोक सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. कॉम्प्युटर सांगत होता की घेतले. विश्वास कॉम्प्युटरवर ठेवला गेला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरवले गेले, कित्येकांनी तूट स्वतःच्या खिशातून भरली. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या सबपोस्टमिस्ट्रेस २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने होरायझनमध्ये दोष असल्याचं मान्य केलं. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, त्यात सीमा मिश्राही होत्या. मध्ये अकरा वर्षं गेली.

माझा प्रोग्राम त्यापुढे चिमूटभर. नऊ पट्ट्या आणि एक मुलगा. पण तऱ्हा तीच आहे. सॉफ्टवेअर गप्प बसतं, आणि मग बोट समोर बसलेल्या माणसाकडे जातं, कारण तो दिसतो आणि क्वेरी दिसत नाही.

म्हणून मंडळी, तुमच्या कोडमध्ये आज जिथे जिथे 'सेव्ह झालं' असं लिहिलंय, तिथे जाऊन एकदा बघा. खरंच झालंय का? की आपण फक्त तसं लिहून ठेवलंय?

पुढच्या एपिसोडमध्ये ट्रान्झॅक्शन आणि लॉकिंगवर बोलू, दोन जणांनी एकाच वेळी एकाच खात्याला हात लावला की काय होतं त्यावर. तुमचा असा 'कधी चालतं, कधी नाही'चा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, चांगले किस्से ऐकवू. तोवर काटा रिकामा ठेवा. भेटू!